वडिलांची दिंडी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त सभासदांपुढे केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी आपण एखाद्या विद्वानास पाचारण करावयास हवे होते. आम्ही पडलो केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातील अधिकारी. जन्मभर जमाखर्चाचा मेळ घालण्यापलीकडे दुसरी विद्या नाही. तेव्हा आज एका हिशेबाविषयीच बोलावे म्हणतो. तो हिशेब आमच्या वडिलांचा आहे.

वडील सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर 1996 पासून 2019 पर्यंत त्यांनी माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर अशा 24 वाऱ्या केल्या. दर वैशाखात त्यांचे पत्र येई, पुढे पुढे दूरध्वनी येई. प्रश्न एकच असे, "यंदा येतोस का?" आणि आमचे उत्तरही ठरलेले असे, "रजा मिळत नाही." बंधुभगिनींनो, खरे सांगावयाचे तर रजा मिळाली असती. आम्ही ती कधी मागितलीच नव्हती.

2020 साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एस.टी.ने पंढरपुरास गेल्या. ते दिवस वडिलांनी अंगणातील तुळशीवृंदावनाभोवती फेऱ्या घालून काढले, असे आईने कळविले. जानेवारी 2021 मध्ये ते गेले. आम्ही गावी पोहोचलो, दिवस केले आणि कामावर परतलो. लोक भेटीस येत, आम्ही योग्य ते बोलत असू. परंतु डोळ्यांतून पाणी म्हणून आले नाही. याचीच मनाला टोचणी लागून राहिली.

2021 सालीही पायी वारी नव्हती. 2022 साली ती पुन्हा सुरू होणार असे ठरले, तेव्हा वडिलांच्या दिंडीतील वृद्ध विणेकऱ्यांचा दूरध्वनी आला. ते एवढेच म्हणाले, "गुरुजींची जागा तशीच आहे. चालायला कोणी येणार का?" त्याच दिवशी आम्ही रजेचा अर्ज दिला. तो दुसऱ्या दिवशी मंजूर झाला.

21 जून 2022 रोजी पालखीने आळंदीहून प्रस्थान ठेवले. आपल्यापैकी ज्यांची मुले इकडेच जन्मली त्यांच्यासाठी सांगतो. हा सोहळा आज ज्या स्वरूपात दिसतो, ते त्यास एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिले. ते ग्वाल्हेरकर शिंद्यांच्या पदरी होते, म्हणजे आपल्यासारखेच मुलखाबाहेर चाकरीस राहिलेले गृहस्थ! रथाच्या पुढे आणि मागे क्रमांकाने दिंड्या चालतात. प्रत्येक दिंडीत पताकाधारी, टाळकरी, मृदंगी, विणेकरी आणि डोईवर तुळस घेतलेल्या बाया असतात. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. दिवे घाट चढताना आमची टाचांची सालटी निघाली, तेव्हा सत्तरीच्या एका बाईंनी न विचारता खोबरेल लावले आणि म्हणाल्या, "गुरुजींच्या पण पहिल्या वर्षी अशाच सोलल्या होत्या."

घरी वडील करड्या शिस्तीचे. त्यांचे हसणे आम्ही क्वचितच ऐकले. दिंडीत मात्र ज्याला त्याला त्यांच्या थट्टेच्या गोष्टी आठवत होत्या. गुरुजी बेसूर गात, पण सर्वांआधी उठून काकड्याला उभे राहत. एका शेतकऱ्याला त्यांनी मुक्कामा-मुक्कामावर अक्षरे शिकवून हरिपाठ वाचता केले होते. तो गृहस्थ आमच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. आम्ही त्यांचे सांत्वन करावयाचे, की त्यांनी आमचे, हेच कळेना.

सायंकाळी तळावर समाज आरती होते. सर्व दिंड्या पालखीभोवती जमतात, टाळांचा कल्लोळ चालू असतो. चोपदार चोप उंचावतात आणि क्षणात शांतता पसरते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तेथे जाऊन तक्रार ऐकून घेतात. मग वाटेत हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याच्या वाटचालीची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. इतक्या अफाट समुदायात कोणाची पिशवी, कोणाचा चष्मा धन्याकडे परत जाताना आम्ही रोज पाहत होतो.

लोणंदच्या मुक्कामी विणेकऱ्यांनी एक जुनी वही आमच्या हाती दिली. दिंडीत जेवणासाठी सर्वांची भिशी असते, तिचा हिशेब वडील ठेवीत असत. आम्ही सवयीने तो तपासू लागलो. अक्षर वळणदार, बेरजा चोख. परंतु दरवर्षी वडिलांच्या नावाखाली दुसरे एक नाव होते. ते आमचे. भिशी भरलेली आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द, "येणार". असे 24 वेळा. विणेकरी म्हणाले, "तुम्ही आला नाहीत की त्या पैशांत ज्याची ऐपत नसे असा एखादा वारकरी जेवायचा. गुरुजी म्हणायचे, पोराची जागा मोडायची नाही."

त्या रात्री राहुटीत आम्हांस प्रथम रडू आले. सकाळी उठून आम्ही 2022 च्या पानावर आमचे नाव लिहिले, आमची भिशी भरली आणि शेरा मारला, "आला". तो शेरा वेळेवरचा नव्हता, हे हिशेबनिसाइतके दुसऱ्या कोणास कळणार?

बंधुभगिनींनो, आपण सारे घरापासून दूर राहणारे. आईवडील आपल्याला घरच्यापुरतेच ठाऊक असतात. ते ज्यांच्याबरोबर चालले, हसले, त्या मंडळींजवळ त्यांचा आणखी एक अंश जपून ठेवलेला असतो. ज्यांचे आईवडील हयात आहेत त्यांनी त्यांचे सोबती आजच विचारून घ्यावेत आणि बोलावणे आले तर रजा मागावी. ज्यांचे आईवडील गेले त्यांनी त्या सोबत्यांकडे जावे. शोक एकट्याने पेलत नाही. आपल्या मंडळानेही 50 वर्षे हेच केले आहे. परक्या मुलखात कोणाघरी दुःख झाले की पहिला डबा आपल्यापैकीच कोणीतरी पोहोचविला. ही भिशी अशीच चालू राहो.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. या वेळी मागून!