गंजलेली पिकअप आणि आम्ही बापलेक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

पुढच्या सतरंजीवर बसून "आजोबा कधी संपवणार" अशा नजरेने माझ्याकडे बघणारी बालगोपाळ मंडळी,

कमिटीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत. बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस म्हणजे नॉमिनेशन, मृत्युपत्र, नाहीतर एफडीचे व्याजदर यावरच बोलणार, अशी तुमची धास्ती असेल. घाबरू नका. गेली दोन वर्षं लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, गणपतीच्या मांडवात मला एकच प्रश्न विचारला जातो, "काका, त्या गाडीचं पुढे काय झालं?" त्याचं उत्तर आज सगळ्यांना एकदमच देऊन टाकतो.

नव्याने राहायला आलेल्यांसाठी थोडी माहिती. जानेवारी 2022 ते मार्च 2023 असे चौदा महिने आपल्या पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यात एक गंजकी पिकअप उभी होती. महिंद्राची, 1986 सालची. नंबर एमएच सुरू व्हायच्या आधीचा, जुन्या पद्धतीचा. गाडी माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादांची. निफाड तालुक्यात आमची शेती. सीझनला कांदा घेऊन ही गाडी लासलगावच्या मार्केटला जायची, एरवी खताच्या गोण्या, द्राक्षाचे क्रेट, लग्नाचं वऱ्हाड आणि एकदा तर अडलेली बाळंतीण, असं सगळं तिने वाहिलं. दादा 2011 साली गेले. त्याआधी तीन वर्षांपासूनच गाडी कडुलिंबाखाली उभी होती. पुतण्यांनी नवीन गाडी घेतली होती. भंगारवाला अडतीस हजार द्यायला तयार होता. पण वहिनी "बघू पुढच्या महिन्यात" म्हणायच्या, आणि तो पुढचा महिना काही यायचा नाही.

आता माझ्या घरचं. माझी पत्नी 2019 मध्ये गेली, हे आपल्याला माहीत आहे. त्या दिवसांत या सोसायटीने मला दोन वेळचा डबा दिला, तो मी विसरलेलो नाही. मुलगी पुण्याला असते. मेकॅनिकल इंजिनिअर, पण बारा वर्षं कॉम्प्युटरपुढेच नोकरी. रोज रात्री साडेआठला तिचा फोन यायचा. "बाबा, जेवलात का? गोळी घेतली का?" मी म्हणायचो, "हो, हो." झालं, फोन संपला. दोघांचंही काही चुकत नव्हतं. आईचा विषय तिलाही काढवत नव्हता, मलाही काढवत नव्हता. घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेले एकमेकांना जपायला लागतात, आणि जपता जपता बोलणं कमी होतं. हे मी एकट्याचं सांगत नाही, इथल्या कितीतरी घरांत असंच असेल.

त्या दिवाळीला आम्ही गावी गेलो. गाडीच्या हौद्यात गवत उगवलेलं, टायर मातीत बसलेले, आणि स्टिअरिंगवर चिमणीचं रिकामं घरटं. मुलगी पंधरा मिनिटं गाडीभोवती फिरली. तिला गाडी चालवायला दादांनीच शिकवली होती, याच गाडीवर, कापणी झालेल्या वावरात. रात्री जेवताना म्हणाली, "काकू, ही गाडी आम्ही दोघं चालू करू का?" वहिनी काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि किल्ली आणून तिच्या ताटाशेजारी ठेवली.

गाडी ट्रॉलीवर चढवून इथे आणली. कमिटीकडे रीतसर अर्ज केला. अटी होत्या: दुपारी एक ते चार हातोडा नाही, वेल्डिंग सोसायटीच्या बाहेर, ऑइल जमिनीवर सांडायचं नाही. अटी रास्त होत्या. त्या पाळल्या की नाही, ते वॉचमन सांगेल.

मुलगी दर शनिवारी सकाळी पुण्याहून येऊ लागली. पहिल्या दिवशी तिने माझ्या हातात एक छोटी हातोडी दिली. म्हणाली, "बाबा, सगळीकडे हलकेच ठोकत चला. ठण वाजलं तर पुढे जा, भद वाजलं तर खडूने गोल करा." मी इतकी वर्षं शाखांची तपासणी केली, हीसुद्धा तपासणीच होती. संध्याकाळी गाडीवर एकोणतीस गोल होते.

त्यात एक गंमत कळली. केबिनची जमीन पार सडलेली. का, तर तिच्यावर रबरी मॅट होती. मॅटने जमीन झाकली, पण खाली पाणी धरून ठेवलं. उलट इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या आजूबाजूला, जिथे वर्षानुवर्षं ऑइल गळत होतं, तिथली चासी अगदी ठणठणीत. गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांचा व्यवहार. यातलं एक बाजूला काढलं की व्यवहार थांबतो. तेलाच्या थराने पाणी अडवलं आणि चासी वाचली. दादा म्हणायचे, "गळू दे रे, गाडीला घाम येतो." तो घाम कामाला आला.

इंजिन प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या बनावटीचं, चार सिलिंडरचं, 2,112 सीसीचं डिझेल. महिंद्राची ही इंजिनं आपल्या इगतपुरीच्या कारखान्यात बनायची, म्हणजे गाडी तशी नाशिककरच. पण इंजिन जाम होतं. असं इंजिन जबरदस्तीने फिरवलं तर पिस्टनच्या रिंगा तुटतात. म्हणून मुलीने चारही नोझल काढले, आत डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतलं, आणि ती सरळ पुण्याला निघून गेली. आठ दिवस काही करायचं नाही, हेच काम. मी रोज सकाळी फिरून आलो की गाडीकडे बघून यायचो. पुढच्या शनिवारी गाडी टॉप गिअरमध्ये टाकली आणि ए विंगच्या पोरांना बोलावलं. पुढे ढकल, मागे ओढ, पुढे ढकल, मागे ओढ. अर्धा तास काहीच नाही. मग एकदम "चक्" असा आवाज आला आणि इंजिन दोन बोटं फिरलं. त्या दिवशी पोरांना आइस्क्रीम कोणी दिलं, ते पोरांना विचारा.

सुट्या भागांसाठी आम्ही मुंबईत कुर्ल्याला गेलो. जुन्या गाड्यांच्या भागांची ओळीने दुकानं. मिळेल ते घेतलं. मिळालं नाही ते बी विंगमधल्या, अंबड एमआयडीसीत आयुष्यभर लेथवर काम केलेल्या आपल्या काकांनी वळवून दिलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "हात चालतोय अजून, एवढं कळलं, बस."

आता ज्या दिवसासाठी मी हे सगळं सांगतोय, तो दिवस. ब्रेक. नव्या नळ्या टाकल्या, व्हील सिलिंडरचे रबर बदलले, ब्रेक ऑइल भरलं. पण नळीत हवा राहिली तर पेडल नुसतंच खाली जातं, ब्रेक लागत नाही, कारण हवा दबते आणि तेल दबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, दुसरा चाकाशी. पेडलवरच्याने दाबून धरायचं, खालच्याने निपल सैल करायचा, हवेचे बुडबुडे बाहेर येतात. मग खालच्याने निपल घट्ट करायचा आणि त्यानंतरच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, फक्त आवाजावर काम.

"दाबा."

"दाबलं."

"धरा… धरा… आता सोडा."

चार चाकं, प्रत्येकाला वीस-पंचवीस वेळा. दोन तास आमचं बोलणं म्हणजे एवढेच शब्द. तिसऱ्या चाकाला ती खाली पाठीवर झोपलेली, मी वर पेडलवर पाय धरून बसलेलो, आणि खालून आवाज आला, "बाबा, आईला ही गाडी अजिबात आवडायची नाही, नाही का?" मी म्हणालो, "डिझेलच्या वासाने तिला मळमळायचं." मग ती बोलायला लागली. मीही बोललो. दोन वर्षांचं सगळं. काय बोललो ते इथे सांगणार नाही, ते आमच्या घरातलं आहे. फक्त एवढं सांगतो, समोरासमोर खुर्च्या टाकून बसलो असतो तर आम्हाला ते जमलं नसतं. ती गाडीखाली होती, मी वर होतो, आणि दोघांच्या मध्ये करायला काहीतरी काम होतं, म्हणून जमलं. चौथं चाक व्हायला अंधार पडला. वॉचमनने बॅटरी धरली.

पत्र्याचं काम वेल्डरकडे. तिथे मुलीचा नियम कडक: चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, मगच नवीन तुकडा जोडायचा, मग रेड ऑक्साइड, मग रंग. वेल्डर म्हणत होता, "ताई, वरून पुट्टी मारू, कळणारपण नाही." ती म्हणाली, "दादा, गंजाला कळतं." फाळक्यावरचा एक मोठा पोचा मात्र तिने मुद्दाम तसाच ठेवला. बैल भुजाडला तेव्हा त्याने मारलेली धडक ती.

कागदपत्रं माझ्या वाट्याला. आरसीवर मालक दादा आणि शेजारी बँकेचा बोजा. कर्ज 1991 सालीच फिटलेलं, पण बोजा उतरवलेला नाही. बँक अधिकाऱ्याचा सख्खा भाऊ, आणि ही तऱ्हा! बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 घेऊन तो बोजा उतरवला. मालक मयत असेल तर नाव बदलायला फॉर्म 31 लागतो. दोन्ही पुतण्यांचं संमतिपत्र जोडलं आणि गाडी वहिनींच्या नावावर झाली. थकलेला कर आणि दंड भरला, विमा घेतला, पीयूसी झालं, फिटनेससाठी आरटीओत गाडी उभी केली. लगे हातों आपल्यालाही सांगून ठेवतो: घरात कुठल्या गाडीचं कर्ज फिटलं असेल तर आज रात्री आरसी काढून बघा. बोजा उतरवायचं राहून गेलेलं असतं, आणि त्रास नंतरच्यांना होतो. आरटीओत एकाने विचारलं, "काका, व्हिंटेज म्हणून नोंदवणार का?" म्हटलं, त्याला पन्नास वर्षं पूर्ण लागतात. गाडीला अवकाश आहे, मी मात्र केव्हाच पात्र झालो.

एकूण खर्च एक लाख शहाऐंशी हजार चारशे. प्रत्येक पावती फाइलला आहे. भंगाराचे अडतीस हजार सोडले, तेही धरा. हिशेबाने हा तोट्याचाच व्यवहार. बँकेत पूर्ण घसारा झालेली वस्तू पुस्तकात एक रुपयाला ठेवतात. मी हाच रुपया धरला आहे.

मार्च 2023 मध्ये गाडी गावी नेली. मुलगी चालवत होती. वहिनींना, वय वर्षं एकोणऐंशी, पुढे बसवलं. त्या काहीच बोलेनात. शिवेपाशी समोर म्हशी आल्या, मुलीने हॉर्न दिला, तेव्हा म्हणाल्या, "हॉर्न बदललात वाटतं. याचा आवाज ह्यांच्यासारखा नाही." परत येताना मुलीने जुना हॉर्न शोधून काढला, पॉइंट घासले आणि बसवला. आता गाडी तिथेच असते. सीझनला क्रेट वाहते, फार लांब नाही, शेतातून पॅकहाउसपर्यंत.

मित्रहो, शेवटचा मुद्दा सोसायटीचा. आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. जनरल बॉडीत चर्चा चालू आहे की रौप्यमहोत्सवानिमित्त आधी बाहेरून रंग काढू. रंग जरूर काढू. पण स्लॅबच्या आतही लोखंडच आहे. ते गंजलं की फुगतं, मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं आणि काँक्रीट आतून फोडतं. पार्किंगच्या छताचे पोपडे पडतात, ते त्याचंच लक्षण असू शकतं. आपल्या उपविधीत लिहिलं आहे, 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट. तिशीनंतर तीन वर्षांतून एकदा. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड याचसाठी असतो. तेव्हा आधी हातोडी घेऊन ठोकून बघू, खडूने गोल करू, आणि मग रंग.

आणि हे करताना तरुण पोरांना नुसतं वर्गणीपुरतं बोलावू नका, हाताशी घ्या. ज्येष्ठांनाही "तुम्ही बसा काका" म्हणून खुर्चीवर बसवू नका. बॅटरी धरायला तरी बोलवा. काम कुठलंही असो, माळ्यावरचं शिलाई मशीन, बंद पडलेला रेडिओ, नाहीतर गच्चीवरची गळती. दोन पिढ्या एकाच वस्तूला हात लावतील, एवढं बघा. बोलायचं राहिलेलं असेल, ते आपोआप निघतं.

आता माझी मुलगी रात्री साडेआठला फोन करते. जेवलात का, गोळी घेतली का, हे विचारतेच. पण हल्ली फोन अर्धा तास चालतो, कारण पुतण्याने दादांची जुनी लुना शोधून काढली आहे. कमिटीकडे अर्ज उद्याच देतो. जागा फार लागणार नाही.

आपल्या सोसायटीला सुवर्णमहोत्सवासाठी शुभेच्छा. जय हिंद, जय महाराष्ट्र.