अनुदान मिळालें, पुढें काय?

आमच्या घाटकोपरच्या वसाहतींत जिन्याच्या वळणावर एक दिवा आहे. एका खोलीच्या बिऱ्हाडांत घरचीं माणसें निजलीं म्हणजे शाळकरी मुलें त्या दिव्याखालीं पुस्तकें घेऊन बसत. मी तेव्हां शाळेंतून नुकताच निवृत्त झालों होतों आणि रहिवाशांच्या मंडळाचा चिटणीस होतों. या मुलांसाठीं मोकळ्या जागेंत एक अभ्यासिका बांधावी व तिला सरकारी अनुदान मिळवावें, असें आम्हीं ठरविलें. अर्ज मींच लिहिला. शिक्षकाच्या हातचा अर्ज. भाषेंत उणें कांहीं नव्हतें. अनुदान तत्त्वतः मंजूरही झालें. परंतु सोबत दोन कागद हवे होते : जागेच्या मालकाची संमति, आणि बांधलेल्या खोलीची देखभाल कोण करील याचें हमीपत्र. हमीपत्रासाठीं सभा बोलावली. तीन वेळां गणसंख्या भरली नाहीं. ३१ मार्च उलटला, वर्षाची तरतूद संपली आणि अभ्यासिका कागदावरच राहिली. पुढें दोन वर्षांनीं ती झाली खरी. पण जिला पाहून मला ही कल्पना सुचली होती, ती मुलगी तोंवर शालान्त परीक्षा देऊन गेली होती. दोष सरकारचा नव्हता. तो आमचा होता, आणि चिटणीस या नात्यानें प्रथम माझा होता.

‘अनुदान’ या शब्दांत ‘अनु’ हा उपसर्ग आहे. अनु म्हणजे मागून येणारें. लोकांचा वाटा अगोदर व सरकारचें देणें मागाहून, असा मी त्याचा अर्थ करतों. वैयाकरण तो मान्य करतील कीं नाहीं कोण जाणे. व्यवहार मात्र तसाच आहे, आणि आपल्या मुंबईचा इतिहासही तेंच सांगतो.

१८९६ सालच्या प्लेगनें शहरांतील दाटीवाटीचें भयंकर फळ दाखविलें, तेव्हां १८९८ सालीं सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. १९२० सालीं सरकारनें विकास खातें काढून कामगारांसाठीं चाळी बांधल्या. त्याच आजच्या बी. डी. डी. चाळी. पण सामान्य मध्यमवर्गानें सरकारची वाट पाहिली नव्हती. १९१५ सालीं रावबहादुर श्रीपाद सुबराव तालमकी यांच्या पुढाकारानें गांवदेवींत सारस्वत सहकारी गृहसंस्था निघाली. शेजाऱ्यांनीं एकत्र यावें, भांडवल जमवावें आणि हिशेब चोख ठेवावा, हा धडा तिनें घालून दिला.

स्वातंत्र्यानंतर शहर उत्तरेस पसरलें. १९५० सालीं जोगेश्वरी व भांडुपपर्यंतचीं, आणि १९५७ सालीं बोरिवली, दहिसर व मुलुंड हीं उपनगरें बृहन्मुंबईंत आलीं. १९४८ च्या कायद्यानें गृहनिर्माण मंडळ निर्माण झालें होतें, आणि १९५२ सालीं मध्यवर्ती सरकारनें औद्योगिक कामगारांच्या घरांसाठीं अनुदानाची योजना काढली. तिचें गणित समजून घेण्यासारखें आहे. मंडळानें घरें बांधलीं तर खर्चाच्या निम्मी रक्कम अनुदान व निम्मी कर्ज. कामगारांच्या सहकारी संस्थेनें बांधलीं तर, पुढें ठरलेल्या प्रमाणांत, शेंकडा २५ अनुदान, शेंकडा ६५ कर्ज, आणि उरलेले शेंकडा १० सभासदांच्या पदरचे. हे दहा रुपये थोडे दिसतात. परंतु ज्याचे दहा रुपये भिंतींत असतात, तो त्या भिंतीची ओल पाहून स्वस्थ बसत नाहीं.

घाटकोपरचें पंतनगर, विक्रोळीचीं टागोरनगर व कन्नमवारनगर, अंधेरीचें दादाभाई नौरोजी नगर या वसाहती सरकारी गृहनिर्माणाच्या हातून उभ्या राहिल्या. आरंभीं रहिवासी भाडेकरू होते. नळ फुटला कीं अर्ज करावा, एवढेंच त्यांचें काम. कालांतरानें घरें मालकी हक्कानें मिळालीं, सहकारी संस्था झाल्या, आणि नळ, गच्ची, जिना सारें आपल्या अंगावर आलें. हक्क एका दिवसांत मिळाला. संवय मात्र भाडेकरूचीच राहिली.

याउलट उदाहरण झोपडपट्टींतलें आहे. १९९५ नंतर जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्यानें महापालिकेनें सार्वजनिक शौचालयांची योजना घेतली. वस्तींतील लोकांनीं प्रथम मंडळ स्थापावें, दर प्रौढ माणसामागें १०० रुपये वर्गणी भरावी. मग महापालिका बांधून देईल व मंडळ तें चालवील, अशी अट होती. सगळींकडे ती सारखी यशस्वी झाली नाहीं. पण अगोदर वर्गणी व मग वीट हा क्रम योग्य होता. ज्यांना आपण अडाणी म्हणतों त्यांच्याकडून ही अपेक्षा करावयाची, आणि आपण पदवीधरांनीं सभेस गैरहजर राहावयाचें, हा न्याय मला कळत नाहीं.

आज वाटा पुष्कळ आहेत. १९९३ सालापासून खासदारांचा स्थानिक विकास निधि आहे; २०११-१२ पासून त्याची मर्यादा वर्षाला ५ कोटि रुपयांची झाली. त्यांत खासदार केवळ शिफारस करतात. मंजुरी व खर्च जिल्हा प्रशासनाकडून होतो. २०१५ सालीं प्रधानमंत्री आवास योजना निघाली. परंतु कोणतीहि वाट घेतली तरी जागेचा कागद, सभेचा ठराव आणि शेवटीं खर्चाचें उपयोगिता प्रमाणपत्र यांवांचून गाडी पुढें जात नाहीं.

आणि घर उभें राहिल्यावर? गृहसंस्थांचे नमुना उपविधि काढून पाहा. बांधकामखर्चाच्या शेंकडा पाऊण टक्का दरवर्षीं दुरुस्तीसाठीं, आणि निदान पाव टक्का सिंकिंग फंडासाठीं काढावा, असें त्यांत आहे. दहा लाखांच्या बांधकामास हे वर्षाचे साडेसात हजार व अडीच हजार, मिळून दहा हजार रुपये. म्हणजे महिन्याला साडेआठशेंच्या आंत. ही रक्कम आपली संस्था खरोखर बाजूस काढते काय, हें आपल्यापैकीं कितीजणांनीं विचारलें आहे? गच्ची गळूं लागल्यावर अनुदान शोधण्यापेक्षां हें विचारणें सोपें आहे.

आमच्या अभ्यासिकेचा आतां नीट जम बसला आहे. किल्ली पाळीपाळीनें एकेका बिऱ्हाडाकडे असते, आणि वीजबिलाची वर्गणी पहिल्या तारखेस गोळा होते. जिन्यावरचा दिवा अजून जळतो, पण त्याखालीं कोणी बसत नाहीं. आपल्या संस्थेच्या पुढच्या सभेची सूचना फलकावर लागली असेल. श्रोतेहो, तारीख टिपून ठेवा, आणि त्या दिवशीं वेळेवर जा.