सावित्रीवरील पूल आणि महाडचा परिसर



महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री सह्याद्रीचा कडा उतरून पोलादपूर व महाड या तालुक्यांतून वाहत बाणकोटच्या खाडीवाटे सागरास मिळते. घाटमाथा व समुद्र यांतील अंतर थोडे असल्याने पावसाळ्यात ही नदी काही तासांतच फुगते. खाडीला त्याच वेळी भरती असली म्हणजे पुराचे पाणी तुंबते आणि महाडच्या पेठेत शिरते. अशा या नदीवर महाड व पोलादपूर यांच्या दरम्यान १९२८ साली दगडी कमानींचा पूल उभा राहिला. मुंबई–गोवा मार्गावरील या पुलाने जवळजवळ नऊ दशके कोकणची सेवा केली. चाकरमानी, आंब्याच्या पेट्या, टपाल, गणपतीला गावी निघालेली कुटुंबे, सारे त्यावरूनच जात-येत असत.

पुलाचा परिसर इतिहासाने संपन्न आहे. महाडजवळ महामार्गालगतच गांधारपाले येथील बौद्ध लेणी आहेत. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ती डोंगरात कोरली गेली. खाडीतून येणारा माल येथून घाटवाटांनी देशावर चढत असे, याची ती आठवण देतात. महाडच्या उत्तरेस दुर्गराज रायगड उभा आहे. ६ जून १६७४ रोजी तेथे श्रीशिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. आणि खुद्द शहरात चवदार तळे आहे.

या तळ्याची हकीकत पुलाच्या संदर्भातही मननीय आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले. तथापि प्रत्यक्षात अस्पृश्य मानलेल्या समाजास तेथील पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावास अर्थ आला. पुढे न्यायालयीन लढा होऊन १९३७ साली उच्च न्यायालयाचा निर्णयही त्यांच्या बाजूने लागला. केवळ ठरावाने कार्य होत नाही. कोणीतरी पाण्यापर्यंत जावे लागते, हा महाडचा धडा आहे.

हाच धडा २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री अत्यंत दुःखद रीतीने पुन्हा मिळाला. सावित्रीला महापूर आला होता. अंधारात जुन्या पुलाचा भाग कोसळला. राजापूरहून बोरिवलीकडे व जयगडहून मुंबईकडे निघालेल्या एस.टी.च्या दोन गाड्या आणि इतर वाहन प्रवाशांसह वाहून गेले. काही मृतदेह थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेले. पुलाजवळ काम करणाऱ्या एका कारागिराच्या हा प्रकार वेळीच ध्यानी आला व त्याने पुढील वाहने थांबविली. शेजारच्या नव्या पुलामुळे दळणवळण पूर्णतः खंडित झाले नाही. त्यानंतर अवघ्या १६५ दिवसांत दुसरा पूल बांधून झाला आणि ५ जून २०१७ रोजी तो वाहतुकीस खुला करण्यात आला. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र शासनाने देशातील पुलांची एकत्रित नोंद ठेवणारी प्रणालीही सुरू केली.

तथापि नोंदवही हे पुलाच्या काळजीचे अर्धेच अंग होय. पूल रस्त्यावरून पाहिला असता कठडा व डांबर तेवढे दिसते. त्याचे बळ मात्र पाण्याखाली असते. पुराचा प्रवाह पायाभोवती भोवरे घेतो व तेथील वाळू-माती खरवडून नेतो. दगडांच्या सांध्यांत वड-पिंपळ रुजले म्हणजे त्यांची मुळे चुना फोडतात. म्हणूनच पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पुलाची तपासणी नदीपात्रात उतरूनच व्हावयास हवी.

हे काम अभियंत्यांचे खरे. परंतु नदी रोज पाहतो तो गावकरी. सरकलेला दगड, खचलेला भराव, पुरात अडकलेला ओंडका, पायाजवळ होणारा वाळूचा उपसा या गोष्टी प्रथम त्याच्याच दृष्टीस पडतात. ग्रामपंचायतीने त्यांची लेखी वर्दी द्यावी, अधिकाऱ्यांनी ती जागेवर जाऊन पाहावी आणि काय केले ते पंचायतीस कळवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावच्या पुलाच्या खांबावर पूररेषा नोंदवून घ्यावी. पाणी त्या रेषेवर चढले तर वाहने थांबविण्याचे काम कोणाचे, हे पावसाळ्याआधीच ठरलेले असावे. त्या रात्री एका कारागिराने जे स्वयंस्फूर्तीने केले, ते प्रत्येक नदीकाठच्या गावाचे नेमून दिलेले काम झाले पाहिजे.