पुन्हा वाकलेलं बोट

आपल्या तळहाताच्या कातडीखाली एक पातळ, चिवट पडदा असतो. काही माणसांचा हा पडदा, बहुधा पन्नाशीनंतर, जाड होऊ लागतो. आधी एक गाठ लागते, मग तिचा दोर होतो आणि हा दोर अनामिकेला किंवा करंगळीला आत ओढू लागतो. पॅरिसचे सर्जन द्युपुत्रां यांनी १८३१ साली यावर व्याख्यान दिलं, तेव्हापासून त्यांचं नाव या विकाराला चिकटलं. आपल्याकडची जुनी माणसं ‘शीर आखडली’ म्हणतात. पण ही शीर नव्हे, त्यामुळे तेल, शेक, मालिश यांनी दोर सुटत नाही. घराण्यात कुणाला असेल किंवा मधुमेह असेल, तर तो होण्याचा संभव अधिक.

हात फारसा दुखत नाही, म्हणून माणूस चालढकल करतो. डॉक्टर टेबलावर तळहात पालथा टेकवायला सांगतात. सपाट टेकला नाही, तर उपचारांचा विचार करायची वेळ आली. मला टेबल लागलं नाही. नमाजात सजद्याला तळहात जमिनीला टेकतात, माझा उजवा टेकेना. चार वर्षांपूर्वी सुईचा उपाय झाला. जागा बधिर करून सुईच्या टोकानं दोर आतल्या आत कातरतात आणि बोट सोडवतात. मी त्याच दिवशी घरी आलो. आता करंगळी पुन्हा वाकली आहे. तोंड धुताना डोळ्यात जाते!

याचं मला नवल वाटलं नाही. सुईनं दोर तुटतो, पण तो आतच राहतो. हॉलंडमधल्या एका अभ्यासात, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच वर्षांत सुईनंतर शंभरातल्या सुमारे ८५ जणांना त्रास परतला, तर दोर कापून काढणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे २१ जणांना. म्हणून सुईला नावं ठेवू नयेत. ती पुन्हा करता येते आणि हात लवकर कामाला लागतो. शस्त्रक्रियेत जखम मोठी, व्यायाम कित्येक आठवड्यांचा, आणि बोटाच्या मज्जातंतूला इजा होण्याची भीतीही असते. एकदा उघडलेला हात पुन्हा उघडायचा, तर जुन्या व्रणात तंतू गुरफटलेले असतात, तेव्हा धोका आणखी वाढतो.

दोर विरघळवणारं एक इंजेक्शनही आहे. अमेरिकेत त्याला २०१० साली मान्यता मिळाली, युरोपच्या बाजारातून कंपनीनं ते २०२० साली काढून घेतलं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत वर्षअखेर शस्त्रक्रियाच सरस ठरली.

खरा प्रश्न सांध्याचा. बोटाच्या बुडाचा सांधा वाकला असेल तर तो चांगला सरळ होतो. मधला सांधा फार दिवस वाकलेला राहिला, तर तो स्वतःच आखडतो आणि मग दोर काढूनही पूर्ण उघडत नाही. माझा या खेपेला मधलाच ओढला जातोय.

सर्जननी दोन वाटा मांडल्या. पुन्हा सुई, किंवा दोराबरोबर वरची कातडीही काढून तिथं दुसरीकडची कातडी लावायची. अशा लावलेल्या कातडीखाली विकार कमी वेळा परततो. मी दुसरी वाट धरली. कविता लिहायला करंगळी लागत नाही, असं मुलगी म्हणते, ते खरंच आहे. मला तळहात टेकवायचा आहे, आणि दोन महिने हात अडकला तरी माझी रोजी बुडत नाही.

माझ्या ओळखीच्या एका शिंप्याचंही बोट असंच परतलं. त्यानं पुन्हा सुईच घेतली. ईद आणि दिवाळीच्या हंगामात मशीन बंद ठेवणं त्याला परवडणारं नव्हतं, आणि त्याचा वाकलेला सांधा बुडाचा होता. त्याच्या सर्जननाही ते पटलं. आठवड्याभरात तो पुन्हा कापड कापायला बसला. माझं ऑपरेशन पुढल्या महिन्यात आहे.