डॉ. किंग जयंती : सुटी आणि सेवा

जानेवारी महिन्यातील तिसरा सोमवार हा अमेरिकेत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीचा, सार्वजनिक सुटीचा दिवस असतो. डॉ. किंग यांचा जन्म 15 जानेवारी 1929 रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरी झाला. जयंती मात्र नेमक्या जन्मतारखेस न होता सोमवारी होते. त्यामुळे शनिवार-रविवारला जोडून तीन दिवसांची सलग सुटी मिळते. ह्या जयंतीपुढील खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. सलग सुटी मिळाली की माणसे गावाला जातात, बाजारात जातात, उशिरापर्यंत झोपतात. आणि ज्याच्या नावाने सुटी मिळाली त्याची आठवण तसबिरीला घातलेल्या हारापुरती उरते. जयंत्या-पुण्यतिथ्यांची वाण नसलेल्या महाराष्ट्रात हा अनुभव कोणास नवा वाटण्याचे कारण नाही.

ही सुटी अमेरिकेत सहजासहजी मिळाली नाही. 4 एप्रिल 1968 रोजी डॉ. किंग यांची हत्या झाली आणि त्यानंतर चारच दिवसांनी जॉन कॉनियर्स या लोकप्रतिनिधींनी सुटीचे विधेयक मांडले. ते मंजूर होण्यास पंधरा वर्षे लागली. 1979 साली प्रतिनिधिगृहात आवश्यक त्या दोन तृतीयांश बहुमतास पाच मते कमी पडली. विरोधकांचे म्हणणे असे की, आणखी एक सुटी म्हणजे सरकारी तिजोरीवर भार; शिवाय ज्याने कधी शासकीय पद भूषविले नाही, अशा माणसाच्या नावाने राष्ट्रीय सुटी कशासाठी? त्या काळी व्यक्तीच्या नावाने असा मान फक्त वॉशिंग्टन आणि कोलंबस यांना होता. खर्चाच्या आक्षेपामागे वर्णद्वेषही दडलेला होता, हे पुढील घटनांवरून दिसून येते. श्रीमती कोरेटा स्कॉट किंग यांनी देशभर फिरून लोकमत जागे केले, स्टीव्ही वंडर या गायकाने आपली कला ह्या कामी लावली आणि सुमारे 60 लाख सह्यांचे निवेदन सादर झाले. अखेर 2 नोव्हेंबर 1983 रोजी अध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली आणि 20 जानेवारी 1986 रोजी पहिली राष्ट्रीय जयंती साजरी झाली.

राज्यांनी आपापली सुटी जाहीर करणे हा भाग वेगळाच. ॲरिझोना राज्यात एका राज्यपालाने दिलेली सुटी 1987 साली दुसऱ्याने रद्द केली. 1990 साली तेथील मतदारांनीही ती नाकारली. तेव्हा 1993 चा फुटबॉलचा मोठा अंतिम सामना त्या राज्यातून काढून कॅलिफोर्नियात नेण्यात आला. 1992 साली मतदारांनी कौल बदलला. सर्व पन्नास राज्यांत ही सुटी पाळली जाण्यास 2000 साल उजाडावे लागले. अलाबामा आणि मिसिसिपी ह्या राज्यांत तर त्याच सोमवारी गुलामगिरी राखू पाहणाऱ्या पक्षाचे सेनापती रॉबर्ट ली यांचीही जयंती असते. एकाच सोमवारी दोघांची जयंती मानणारा कारकून दप्तरात काय लिहीत असेल, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

सुटी मिळाली, आता तिचे करावयाचे काय? ह्या प्रश्नास 1994 च्या एका कायद्याने उत्तर दिले. त्यामागे दोन व्यक्ती होत्या. एक जॉन लुईस, तरुणपणी डॉ. किंग यांच्या बरोबरीने चळवळीत उतरलेले आणि लाठ्यांचा मार सोसलेले. दुसरे पेनसिल्व्हानियाचे सिनेटर हॅरिस वॉफर्ड. महात्मा गांधींच्या हत्येनंतर थोड्याच काळात वॉफर्ड दांपत्य भारतात येऊन गांधीविचाराचा अभ्यास करून गेले होते. पुढे वॉफर्ड डॉ. किंग यांचे सल्लागार झाले आणि 1959 च्या त्यांच्या भारतयात्रेस त्यांचे साहाय्य लाभले. त्या यात्रेत डॉ. किंग मुंबईला गावदेवीतील मणिभवनात, म्हणजे गांधीजींच्या मुंबईतील निवासस्थानी, उतरले होते. अशा ह्या वॉफर्ड यांनी जयंतीचा दिवस सेवेचा दिवस व्हावा अशी तरतूद करविली. हा घरी बसण्याचा नव्हे, तर कामावर येण्याचा दिवस, अशा अर्थाची घोषणा तेव्हापासून रूढ झाली. श्रमदानाशी परिचय असलेल्या ग्रामपंचायत सदस्यांना ही कल्पना परकी वाटू नये.

आज त्या सोमवारी गावोगावी काय चालते? शाळांच्या भिंती रंगविल्या जातात, उद्याने झाडली जातात, गरजूंसाठी धान्य गोळा होते, रक्तदान होते. पहाटे एखाद्या मोठ्या सभागृहात निरनिराळ्या धर्मांचे लोक एकत्र न्याहारी करतात. टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरात देशातील एक अतिशय मोठा मोर्चा निघतो. डॉ. किंग आणि त्यांचे वडील जेथे धर्मोपदेशक होते, त्या अटलांटाच्या एबेनेझर चर्चमध्ये स्मृतिसभा होते. डॅलस, ह्यूस्टन यांसारख्या शहरांत चौथी-पाचवीच्या मुलांच्या वक्तृत्वस्पर्धा जयंतीच्या निमित्ताने होतात. शिक्षकांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. जयंतीच्या दिवशी शाळा बंद असते. म्हणून शिकवावयाचे ते आधीच शिकवून घ्यावे लागते.

सर्वांत बोलके दृश्य फिलाडेल्फियाचे आहे. तेथे गिरार्ड कॉलेज ह्या नावाची, पण वस्तुतः निवासी शाळा असलेली, संस्था आहे. संस्थापकाच्या मृत्युपत्राप्रमाणे ती केवळ गोऱ्या अनाथ मुलांसाठी होती. कृष्णवर्णीयांच्या वस्तीने वेढलेली आणि सभोवती सुमारे दहा फूट उंच दगडी भिंत! 1965 साली ह्या भिंतीबाहेर सात महिने निदर्शने चालली आणि ऑगस्टमध्ये डॉ. किंग यांनी तेथे येऊन भाषण केले. न्यायालयाच्या निर्णयानंतर 1968 साली पहिली कृष्णवर्णीय मुले आत गेली, तोवर डॉ. किंग हयात नव्हते. पुढे किंग जयंतीच्या सेवाकार्याचे मुख्य केंद्र ह्याच आवारात भरू लागले. ज्या भिंतीबाहेर उभे राहून प्रवेश मागावा लागला, तिच्या आत सर्व वर्णांचे स्वयंसेवक हातात हात घालून काम करतात.

तथापि ह्या सेवादिनाविषयी अमेरिकेतच एक तक्रार ऐकू येते आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. उद्यान झाडणे सोपे आहे. त्याने कोणाचेही मन दुखत नाही. डॉ. किंग मात्र अन्यायी कायदे मोडून तुरुंगात गेले, त्यांनी युद्धास विरोध केला आणि गरिबांसाठी हक्काचे वेतन मागितले. सेवा उरली आणि मागणी विसरली गेली, तर जयंती निरुपद्रवी होते. सेवेच्या समर्थनार्थ डॉ. किंग यांच्या एका प्रवचनाचा हवाला नेहमी देतात. सेवा करण्यास पदवी लागत नाही, ती कोणालाही करता येते, असा त्याचा आशय. हे प्रवचन त्यांनी 4 फेब्रुवारी 1968 रोजी एबेनेझर चर्चमध्ये दिले. त्याआधी तीनच दिवस मेम्फिस शहरात पावसापासून आसरा घेतलेले दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार कचरा दाबण्याच्या यंत्रात चिरडून मरण पावले होते.

12 फेब्रुवारीस तेथील सुमारे 1,300 सफाई कामगार संपावर गेले. पगार तुटपुंजा, साधने धोक्याची आणि संघटनेस मान्यता नाही, अशी त्यांची स्थिती होती. आपणही माणूस आहोत, एवढेच सांगणारे फलक छातीवर लावून ते रस्त्याने चालत. त्यांच्या पाठिंब्यासाठी डॉ. किंग मेम्फिसला गेले आणि तेथेच लोरेन मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी लागली. 16 एप्रिल रोजी संप मिटला. संघटना मान्य झाली आणि वेतन वाढले. ज्याच्या जयंतीस हजारो नागरिक हौसेने झाडू हाती घेतात, तो झाडू हेच ज्यांचे पोट त्यांच्या रास्त मजुरीसाठी उभा असताना मारला गेला. स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्याने जयंतीचा कार्यक्रम आखताना ही गोष्ट झाडू वाटण्यापूर्वी सांगावी, मग झाडू वाटावेत.

लोरेन मोटेलच्या जागी 1991 पासून नागरी हक्कांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. संपातील कामगारांचा प्रश्न मात्र संग्रहालयाने सुटला नव्हता. ते शहराच्या निवृत्तिवेतन योजनेबाहेर राहिले होते आणि त्यांच्यापैकी काहीजण म्हातारपणीही कामावर जात होते. 2017 साली मेम्फिस शहराने त्या संपातील हयात कामगारांना प्रत्येकी 50,000 डॉलर देण्याचे ठरविले. पुढे ती रक्कम 70,000 डॉलर करण्यात आली. तेव्हा संपास एकोणपन्नास वर्षे होऊन गेली होती.