देह कोणाचा, निर्णय कोणाचा?



‘माझा देह’ असे आपण जन्मभर म्हणतो. पण श्वास थांबला की तो देह कोणाचा? मृताचा, वारसांचा, भाऊबंदांचा की सरकारचा? विषय अप्रिय आहे खरा. परंतु टाळल्याने तो टळत नाही. ज्या दिवशी घरात कोणालाच विचार सुचत नाही, नेमका त्याच दिवशी तो दारात उभा राहतो.

आपल्या परिचयाचेच उदाहरण घेऊ. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८७ साली मृत्युपत्र केले. आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. पुण्यात राहत्या घरामागे त्यासाठी जागाही योजलेली होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले. राहत्या वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी दिली नाही. देहाला अग्नी द्यावा लागला. मग वाद निघाला तो टिटवे कोणी धरायचे याचा. दत्तकपुत्र यशवंत यांच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवे हाती घेऊन चालू लागल्या. पुढे त्या योजलेल्या जागी जोतीरावांच्या अस्थी ठेवण्यात आल्या. फुलेवाड्यात ती समाधी आजही आहे.

पाहा, एका देहावर किती दावे! मृताची इच्छा, नगरपालिकेचा नियम, भाऊबंदांचा रिवाज आणि पत्नीची निष्ठा. वस्तीच्या आरोग्यासाठी काही नियम हवेत, हे आम्हांस मान्य आहे. संशयास्पद मृत्यू असेल तर शवचिकित्सेलाही आप्तांनी आड येता कामा नये. पण रिवाजाचा दावा या पंक्तीत कसा बसतो?

कायद्याचे उत्तरही ऐकण्यासारखे आहे. इंग्लंडात क्रुकेंडन नावाच्या गृहस्थाने आपले दहन करावे असे लिहून ते काम एका मैत्रिणीवर सोपवले. घरच्यांनी त्याला पुरले. बाईंनी प्रेत उकरून काढले, इटलीत मिलान येथे नेऊन दहन केले आणि खर्चासाठी दावा लावला. १८८२ साली न्यायालयाने तो फेटाळला. प्रेत ही कोणाची मालमत्ता नव्हे. म्हणून मृत्युपत्राने त्याची विल्हेवाट सांगता येत नाही, असा निर्णय झाला.

आम्हांला यातला पहिला भाग पटतो, दुसरा बोचतो. देह मालमत्ता नसेल, तर तो वारसांचीही मालमत्ता नव्हे. ते विश्वस्त आहेत. विश्वस्ताने आपली हौस वा अब्रू पाहायची नसते. ज्याची ठेव, त्याचे म्हणणे पाहायचे असते. मृताने काहीच सांगितले नसेल, तर ज्यांनी त्याची शुश्रूषा केली त्यांचा शब्द आधी, दूरच्या नातलगांचा मागाहून.

आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मृताच्या लेखी संमतीला मान दिला आहे. तरीही देह ज्यांच्या ताब्यात असतो, त्यांनीच पुढचे पाऊल टाकायचे असते. घरच्यांनी वेळीच कळवले नाही, तर देहदानाचा अर्ज कपाटातच राहतो.

म्हणून एवढीच विनंती : आज घरी गेल्यावर जेवणे आटोपली की हा विषय काढा. कोणी म्हणेल, “अशुभ बोलू नका.” तरी बोला. मृताला तोंड नसते. त्याचा शब्द कोणीतरी जिवंत माणसानेच हाती धरून चालावे लागते.