मैदान कोणाचे? हॉकीच्या विश्वचषकाची कथा



या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, शेतीशास्त्र अशा विषयांवर मोठ्या विद्वानांची भाषणे होत आली आहेत. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर अधिक झाले. तेव्हा चालकांनी "या वर्षी हॉकीच्या विश्वचषकावर बोला" असे सांगितले, तेव्हा आम्हांला थोडे नवलच वाटले. परंतु वाचू लागलो तसे ध्यानात आले की, हा विषय आमच्या रोजच्या कामापासून फारसा लांबचा नाही.

आपल्या शेजारचे गोंदिया जंक्शन आपण सारे जाणतो. तेथून लोहमार्ग पश्चिमेस नागपूर-भुसावळवरून मुंबईला जातो आणि पूर्वेस दुर्ग-बिलासपूर-राउरकेल्यावरून हावड्याला जातो. हॉकीचा विश्वचषक या एकाच मार्गावर दोन वेळा येऊन गेला; १९८२ साली मुंबईस आणि २०२३ साली राउरकेल्यास. मुंबई ही देशातील सर्वांत श्रीमंत नगरी. राउरकेला हे आदिवासी मुलखात पोलादाच्या कारखान्याभोवती वसलेले गाव. चाळीस वर्षांत हा चषक मुंबईहून राउरकेल्याला कसा गेला, हेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

प्रथम या स्पर्धेचा जन्म पाहू. ऑलिंपिकमध्ये १९२८ पासून हॉकी म्हणजे हिंदुस्थान असे समीकरण झाले होते. तथापि केवळ हॉकीची अशी जागतिक स्पर्धा नव्हती. ती असावी, ही कल्पना युरोपातून आली असे पुष्कळांना वाटते. पण ती निघाली आशियातून. पाकिस्तानचे एअर मार्शल नूर खान यांनी १९६९ साली ती 'वर्ल्ड हॉकी' मासिकाचे संपादक पॅट्रिक राउली यांच्यापाशी मांडली आणि १९७० च्या एप्रिलमध्ये ब्रुसेल्स येथे आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने ती मान्य केली. चषकसुद्धा पाकिस्तानातच घडला. पहिली स्पर्धा पाकिस्तानातच व्हावयाची होती. परंतु ते साल १९७१ चे. बांगला देशचा लढा पेटला होता. भारतीय संघाने पाकिस्तानात येऊन खेळण्यासही तेथे विरोध झाला. म्हणून ती स्पर्धा स्पेनमधील बार्सिलोना शहरी हलविण्यात आली. तेथे पाकिस्तानने स्पेनला १-० असे हरवून चषक नेला. उपान्त्य सामन्यात पाकिस्तानकडून हरलेला आपला संघ केनियाला हरवून तिसरा आला.

१९७३ साली हॉलंडमधील ॲम्स्टलव्हीन येथे आपण अंतिम सामन्यात दोन गोलांनी पुढे होतो. यजमानांनी २-२ अशी बरोबरी केली आणि पेनल्टी स्ट्रोकवर चषक आपल्या हातून गेला. मग आले १९७५ चे क्वालालंपूर. उपान्त्य सामन्यात मलेशियाविरुद्ध आपण हरल्यातच जमा होतो. शेवटच्या काही मिनिटांत बदली खेळाडू अस्लम शेरखान याने बरोबरी साधली आणि जादा वेळेत आपण तो सामना जिंकला. १५ मार्च रोजी अंतिम सामन्यात पाकिस्तानने पहिला गोल केला, सुरजितसिंगने तो फेडला आणि ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार यांनी विजयी गोल केला. अजितपालसिंग यांच्या संघाने विश्वचषक घरी आणला. वडीलधाऱ्या मंडळींना रेडिओभोवतीची ती गर्दी अजून आठवत असेल.

स्त्रियांची विश्वचषक स्पर्धा त्याच्या आदल्याच वर्षी, १९७४ साली, फ्रान्समध्ये सुरू झाली आणि त्या पहिल्याच स्पर्धेत आपल्या मुलींनी चौथा क्रमांक मिळविला. ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगितली.

आता मुंबईकडे येऊ. २९ डिसेंबर १९८१ ते १२ जानेवारी १९८२ या काळात बारा देशांचे संघ मुंबईत खेळले. पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला ३-१ असे हरविले. हसन सरदारचा खेळ पाहून मुंबईकरांनी परका म्हणून हात आखडता घेतला नाही. आपण घरच्या मैदानावर पाचवे आलो. आमच्यासारख्या युनियनवाल्याला आणखी एक तारीख आठवल्यावाचून राहत नाही. अंतिम सामना झाला १२ जानेवारीला आणि १८ जानेवारीस मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतील कितीतरी पुन्हा कधी आत गेले नाहीत आणि पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे आणि बाजार उभे राहिले. एका आठवड्यात मुंबईने दोन गोष्टींचा शेवट पाहिला. गिरणगावच्या पायाखालची जमीन सरकू लागली, आणि विश्वचषकाच्या पायाखालचे गवतही सरकले. मुंबईची स्पर्धा ही गवतावर खेळली गेलेली शेवटची विश्वचषक स्पर्धा होय.

याची सुरुवात ऑलिंपिकमध्ये १९७६ सालीच झाली होती. माँट्रियल येथे प्रथमच कृत्रिम मैदानावर हॉकी झाली. १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पदक मिळविणारा आपला संघ तेथे सातवा आला. १९८६ पासून विश्वचषकही कृत्रिम मैदानावर आला आणि लंडनच्या त्या स्पर्धेत आपण बारा संघांत बारावे आलो.

मैदान बदलले म्हणजे नेमके काय बदलले? गवतावर चेंडू कधी उसळतो, कधी अडतो. त्याला काठीशी खेळवीत न्यावे लागते. मनगटाची कारागिरी लागते. धान निघालेल्या बांधीत ज्यांनी वाकड्या काठीने चेंडू टोलविला असेल, त्यांना हे सांगावयास नको. कृत्रिम मैदानावर चेंडू सरळ आणि वेगाने धावतो. तेथे दूरचा फटका, अचूक अडवणूक, दम आणि पेनल्टी कॉर्नर यांचे राज्य. पुढे ऑफसाइडचा नियम गेला. तुतीच्या लाकडाच्या, आपल्या जालंदरच्या कारागिरांनी घडविलेल्या काठीची जागा कृत्रिम धाग्यांच्या काठीने घेतली. शिवाय हे मैदान कोटींच्या भाषेत बोलते, आणि त्यावर चेंडू नीट पळावा म्हणून सामन्यापूर्वी हजारो लिटर पाणी मारावे लागते. वैशाखात बोड्या आटलेल्या आपल्या मुलखात हे पाणी कोणी कोठून आणावे?

आता एक साधा हिशेब पाहा. गवतावर विश्वचषकाच्या पाच स्पर्धा झाल्या. त्यांपैकी चार आशियाने जिंकल्या, तीन पाकिस्तानने आणि एक आपण. १९८६ ते २०२३ या काळात कृत्रिम मैदानावर दहा झाल्या. त्यांपैकी आशियाच्या वाट्याला एकच आली, ती १९९४ साली सिडनीत पाकिस्तानला. बाकीच्या नऊ ऑस्ट्रेलिया, हॉलंड, जर्मनी आणि बेल्जियम यांनी वाटून घेतल्या. कल्पना आशियाची, चषक आशियाचा. पण मैदान ज्यांना परवडले त्यांचा खेळ झाला. कारखान्यात नवे यंत्र येते तेव्हा असेच होते. यंत्र वाईट नसते. परंतु ते आणताना जुन्या कारागिराला शिकविण्याची सोय केली नाही, तर तो एका रात्रीत अडाणी ठरतो.

मात्र येथे थांबलो तर आम्ही अर्धेच खरे बोललो असे होईल. कृत्रिम मैदानावरच १९८० साली मॉस्कोत आपल्याला ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले होते. बहिष्कारामुळे तेथे सहाच संघ होते हे खरे, पण खेळता येते हे सिद्ध झाले होते. पाकिस्तानही सिडनीत जिंकलाच. म्हणजे सगळा दोष मैदानाच्या माथी मारून सुटका नाही. नवे मैदान आल्यावर आपण किती लवकर किती मैदाने घातली, संघटनांत भांडणे किती केली, मुलांना कोणत्या वयात त्यावर उतरविले, हे प्रश्न आपल्यालाच विचारले पाहिजेत. सगळा दोष मालकावर टाकून घरी बसणारी युनियन कधी जिंकत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

मैदानाइतकीच दुसरी गोष्ट भाकरीची. या देशात हॉकी जगली ती रेल्वे, लष्कर, पोलीस आणि कारखाने यांच्या हजेरीपटावर. आपली ही लाईन एके काळी बंगाल-नागपूर रेल्वेची. तिच्याच संघातून बिलासपूरला जन्मलेले लेस्ली क्लॉडियस पुढे आले. त्यांनी ऑलिंपिकची तीन सुवर्ण आणि एक रौप्य अशी चार पदके मिळविली. अजितपालसिंग सीमा सुरक्षा दलाचे, अशोककुमार इंडियन एअरलाइन्सचे. आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळचे खडकी पाहा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील विजेत्या संघातले बाबू निमल तेथलेच आणि चार ऑलिंपिक व चार विश्वचषक खेळलेले धनराज पिल्ले तेथल्याच दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मोडक्या काठ्या बांधून खेळत वाढले. कायमची नोकरी, राहावयास वसाहत आणि वसाहतीला लागून मैदान, या तीन गोष्टींनी खेळाडू घडला. आज भरती कंत्राटी झाली, वसाहती ओस पडल्या, तर उद्याचा धनराज कोणाच्या भरवशावर सरावाला जाणार? हा प्रश्न खेळाचा आहे तितकाच कामगाराचाही आहे.

आता राउरकेल्याला जाऊ. त्याभोवतीचा सुंदरगड जिल्हा आदिवासींचा. तेथे गावोगाव हॉकीचे सामने होतात आणि जिंकणाऱ्या गावाला बोकड बक्षीस मिळतो. मुले बांबूच्या काठ्यांनी खेळतात. १९७५ च्या विश्वविजेत्या संघातले मायकेल किंडो हे आदिवासी खेळाडू पुढे राउरकेल्याच्या पोलाद कारखान्यात नोकरीस होते. सुंदरगडच्या सौनामारा गावचे दिलीप तिर्की देशाचे कर्णधार झाले आणि २०२२ साली हॉकी इंडियाचे अध्यक्ष झाले. २०१८ पासून ओडिशा सरकारने भारतीय संघांचा खर्च उचलला. सुंदरगडच्या सतराही गटांत कृत्रिम मैदाने घालण्याचे काम हाती घेतले. राउरकेल्यात बिरसा मुंडांच्या नावाने वीस हजारांवर प्रेक्षकांचे क्रीडागृह बांधले. १३ जानेवारी २०२३ रोजी तेथे आपला पहिला सामना स्पेनशी झाला आणि पहिला गोल केला तो सुंदरगडच्याच अमित रोहिदास याने. आपण २-० जिंकलो. बांबूच्या काठीचा मुलूख आणि जगाचे मैदान यांची त्या दिवशी गाठ पडली.

पुढे न्यूझीलंडशी ३-३ अशा बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउटमध्ये आपण हरलो आणि नववे आलो. चषक जर्मनीने नेला. म्हणजे मैदान मिळाले की लगेच चषक मिळतो असे नाही. परंतु टोकियो आणि पॅरिस या लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदके मिळाली, हेही तितकेच खरे.

मित्रहो, आता कुडव्याचे बोलू आणि संपवू. कोटींचे मैदान उद्या येथे घाला असे आम्ही म्हणत नाही. परंतु गोंदिया वाढत आहे आणि कुडव्याच्या बांध्या एकामागून एक ले-आउटमध्ये जात आहेत. ले-आउट मंजूर करताना मोकळी जागा राखावी लागते, असा नियम आहे. ती जागा कागदावर हिरवी आणि प्रत्यक्षात वाळूचे ढीग, लग्नाचे मांडव किंवा कोणाचे तरी कुंपण, असे होऊ देता कामा नये. येत्या ग्रामसभेत आपल्यापैकी दहा जणांनी उठून एवढेच विचारावे: आमच्या मुलामुलींची मोकळी जागा कोणती, तिचा नकाशा दाखवा आणि तिची मोजणी करा. उत्तर मिळेपर्यंत पुढच्या सभेतही विचारावे. हक्क हा असाच मिळतो. आजवर आम्हांला दुसऱ्या रीतीने मिळालेला नाही.

सुंदरगडनेही आधी गावचे मैदान राखले, मग जगाचे मैदान त्याच्याकडे आले. तो जिल्हा आपल्याच लोहमार्गावर आहे.